देवाच्या हातावरची भोकं

लवू चितारी जन्मात कशाला भ्याला नाही, पण त्याला किळस मात्र दिवसातून दहा वेळा यायची. शेजाऱ्याच्या भिंतीवरचा गेरू ओघळलेला दिसला की किळस. कुणी जेवल्यावर ताटातच चूळ भरली की किळस. कुडाळच्या बाजारात तेलकट रंगांचे डबे मिळायला लागले आणि पोरासोरांनी त्या रंगांनी गणपती रंगवायला घेतले, तेव्हा तर तो आठवडाभर धड जेवला नव्हता. त्याची बायको शेवंती म्हणायची, ह्यांना सगळ्या दुनियेची घाण येते, फक्त लाखेची येत नाही. ते खरंच होतं. कढत लाख, डिंक, फणसाच्या लाकडाचा भुसा, एवढ्या तीन वासांत तो सुखी असायचा. बाकी माणसांच्या वासापासून चार हात लांब.

कुडाळहून मालवणला जाताना धामापूरच्या अलीकडे रस्त्यालगत त्याचं घर होतं. बापजाद्यांपासून कामं ठरलेली: चतुर्थीचे गणपती, देवळांच्या पालख्या, तरंगांचे, म्हणजे मिरवायच्या देवकाठ्यांचे, मुखवटे, कुठल्या देवीचा झिजलेला हात. हात त्याचा असा की म्हातारे गुरवसुद्धा नाव काढायचे. पण तोंड असं की गिऱ्हाईक दाराबाहेरूनच हाक मारायचं. एकदा कुठल्यातरी चाकरमान्याने सायकलवर बसलेला गणपती मागितला, तर लवूने त्याला सांगितलं की सायकल तुला करून देतो, तूच तिच्यावर बस आणि तुलाच घरात मांड.

त्याचा नेम एकच. त्याच्या हातून निघालेल्या मूर्तीवर ओरखडा दिसता कामा नये. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, हे तर पोरालाही माहीत असतं. पण लवूला ते हाडात मुरलेलं होतं. एका वर्षी डोक्यावरून नेताना एकाच्या गणपतीची करंगळी उडाली. हे कळल्यावर हा पठ्ठ्या भर पावसात सहा मैल चालत गेला, ती मूर्ती उचलून व्हाळात, ओढ्याच्या पाण्यात, सोडून आला आणि आपल्या घरच्या पूजेला ठेवलेला गणपती त्या माणसाला देऊन बसला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं कुणी त्याच्यासमोर म्हणालं की तो उखडायचा. टाकी दगडाला लागते, लाकडाला पटाशी लागते, एवढंही ज्याला कळत नाही त्याने देवपणाच्या गोष्टी करू नयेत, म्हणायचा.

आणखी एक खोड. तो गिऱ्हाइकाला काही विचारायचा नाही. माणसांना विचारलं की माणसं बोलतात, आणि बोलली की डोकं उठतं. काय हवं ते मूर्तीच सांगते, हे त्याचं म्हणणं. याच खोडीने त्याचा घात केला.

एकोणीसशे एकोणसाठ सालच्या एप्रिलमध्ये त्याच्या दारात बैलगाडी थांबली. गाडीत चादरीत गुंडाळलेला जवळजवळ माणसाएवढा ऐवज, आणि बरोबर दोन माणसं. एक पांढऱ्या झग्यातला तरुण पाद्री, वसईकडचा, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणारा. दुसरे बेंतूबाब. मालवणच्या खालच्या अंगाला खाडीकाठी किरिस्तांवांची, म्हणजे ख्रिश्चनांची, एक वाडी होती, तिथले सगळ्यात मोठे बागायतदार. तीस वर्षं बोटीवर काढून आलेले, इस्त्रीची पँट, रुमालाला अत्तर. इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, सगळी कामं त्यांच्या शब्दावर चालायची.

चादरीत त्यांचा देव होता. पाऊण पुरुष उंचीचा, लाकडाचा, दोन्ही हात खांद्यात कातड्याच्या बिजागरीवर हलणारे. बेंतूबाबांनी सांगितलं की गुड फ्रायडेला कुरसावरून, म्हणजे क्रुसावरून, उतरवताना डावा खांदा फाटला. मूर्ती गोव्याची, पूर्वी गोव्याचाच एक कारागीर दर चार वर्षांनी येऊन तिची डागडुजी करायचा, पण आता हद्द बंद, इकडचा माणूस तिकडे नाही, तिकडचा इकडे नाही. आणि मूर्ती तर सात मे रोजी हवीच होती. त्या दिवशी त्यांचा देव स्वर्गात जातो. त्या वाडीत तशी जुनी रीत होती: मूर्तीला पांढरे कपडे चढवायचे, कमरेला दोर बांधायचा, आणि लोक गात असताना छताला ठेवलेल्या भोकातून तिला वर माळ्यावर ओढून घ्यायचं. ही रीत पुढे साठाच्या सालांत बंद पडली आणि छताला फळ्या ठोकल्या. पण तेव्हा गाव तिच्यावर जीव टाकायचं.

पाद्री म्हणाला, "खांदा नीट करा. बाकी जे काही बिघडलेलं दिसेल, तेही बघून घ्या." एवढं बोलून दोघे निघून गेले.

लवूच्या वाडीत किरिस्तांवाचं घर नव्हतं. वाटेवरचे क्रूस त्याने पाहिले होते, पण ते सगळे रिकामे, पांढऱ्या चुन्याचे. विष्णूला शेष तसा ह्यांच्या देवाला क्रूस, बसायउठायची जागा, असा त्याचा समज. आता त्याने चादर काढली. दोन्ही तळहातांना आरपार भोकं. दोन्ही पावलांना भोकं. उजव्या कुशीत बोटभर लांब चीर. आणि भोवती गंजाचे तांबडेकाळे डाग, थापच्या थाप, तेल आणि धूळ बसून चिकट झालेले. कुणीतरी खरेखुरे लोखंडी खिळे मारून ह्या देवाला दरवर्षी टांगत होतं, भिंतीवर कंदील टांगावा तसं. कुशीतली चीर बहुधा उतरवताना कोयता लागून पडली असणार. लवूला त्या माणसांची अशी शिसारी आली की त्याने शेवंतीला बोलावून दाखवलं, आणि म्हणाला, बघ, मोठी पँटवाली माणसं, आणि देव ठेवायची अक्कल म्हणशील तर काडीची नाही.

मग तो कामाला बसला. दुसऱ्याचा असला तरी देव तो देव, म्हणून तीन आठवडे घरात मासळी शिजली नाही. खांद्याला नवं कातडं चढवलं, ते दोन दिवसांचं काम. पण भोकांवर तो अठरा दिवस बसला. डाग खरवडले. आतलं तेलकट लाकूड गरम राखेने कोरडं केलं. फणसाचा भुसा लाखेत मळून थरावर थर भरला, घासला, पुन्हा भरला. तळहातावर रेषा कोरल्या, पावलांवर शिरा काढल्या, कुशीवर कातडीची लव वाटावी असा रंग दिला. पुढच्या वर्षी ह्या लोकांनी पुन्हा खिळे ठोकू नयेत म्हणून पाठीच्या मागे झग्यात लपेल असा एक पितळी आकडासुद्धा बसवला. टांगायचंच असेल तर माणसासारखं टांगा. काम पुरं झालं तेव्हा भोकं कुठे होती ते त्याचं त्यालाच बोटाने सापडेना. असं काम त्याच्या हातून आधी झालं नव्हतं, आणि होणार नाही हेही त्याला कळलं.

सोमवारी, म्हणजे सणाच्या तीन दिवस आधी, तो स्वतः गाडीबरोबर इगर्जीत गेला. बेंतूबाबांनी मूर्ती उजेडात फिरवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. मुंबईहून त्यांचे जावई, भाचे, सुना मेच्या सुट्टीला आले होते. त्या सगळ्यांनी पाहिली. आता दिसतो खरा देव, आधी कसा पटकी झालेल्यासारखा दिसायचा, असं कुणीतरी म्हणालं. मालवणचा फोटोवाला गुरुवारी यायचा होता. बेंतूबाबांनी लवूच्या पाठीवर थाप मारली आणि मुंबईच्या एका इगर्जीतल्या बारा मूर्तींचं काम त्याला मिळवून देण्याचा शब्द दिला. लवूला माणसांनी अंगाला हात लावलेला आवडत नसे. पण त्या दिवशी त्याने तो सोसला.

दुपारी सगळे जेवायला गेले. लवू इगर्जीमागच्या खोलीत मूर्तीचा झगा नीट करत होता, तेव्हा मागच्या दाराने एक म्हातारी आली. आधी वास आला, मग ती. कातरीन तिचं नाव. एका हातात काठी, एका हातात तेलाची वाटी आणि कापूस. उजव्या नडगीला चिंध्या गुंडाळलेल्या, आणि चिंध्यांतून पिवळं पाणी झिरपत होतं. लवूने उपरण्याचा शेव नाकाला लावला आणि खिडकीकडे सरकला. ती मात्र सरळ मूर्तीपाशी गेली, कापूस तेलात बुडवला आणि देवाचा हात उलटा करून तळव्यावर बोट फिरवायला लागली. मग दुसरा हात. मग खाली बसून पावलं. मग झग्यात हात घालून कूस. लवू कौतुकाची वाट बघत होता.

"बाबा," ती म्हणाली, "भोकां खंय ठेवलंस?"

लवूने हसून सांगितलं की बुजवली, आता हुडकून दाखव. हातातल्या कापसाचं तेल जमिनीवर ठिबकत होतं.

"मगे ह्यो कोण?" तिने विचारलं.

तेव्हा पहिल्यांदा लवूला शंका आली की आपण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. जन्मात पहिल्यांदा त्याने समोरच्या माणसाला विचारलं की असं काय झालं. म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने त्याला सगळं सांगितलं, एखाद्या घरच्या माणसाचं सांगावं तसं. देव वरून नुसता बघत बसला नाही. तो बाईच्या पोटात राहिला, नऊ महिने. गोठ्यात जन्मला. भूक लागली, तहान लागली, चालून चालून पाय सुजले. मग त्याला माणसांनीच धरला आणि लाकडाला खिळ्यांनी ठोकला, आणि मेला की नाही बघायला कुशीत भाला खुपसला. तिसऱ्या दिवशी उठला तो त्याच भोकांसकट उठला. चाळिसाव्या दिवशी वर गेला तोही भोकांसकट. ते गंजाचे डाग म्हणजे रक्त होतं, जुन्या कारागिराने रंगवलेलं. दरवर्षी वर चढण्याआधी कातरीन ते पाच घाय तेलाने पुसायची, आणि तो कापूस वाडीतली माणसं आपल्या जखमांना लावायला घरी न्यायची. तिची आई पुसायची, आईची आई पुसायची.

लवूच्या अंगावर काटा आला, पण तो भक्तीचा नव्हे. देवाला असं ठोकणाऱ्या माणसांची त्याला किळस आली, आणि खरं सांगायचं तर त्या देवाचीही थोडी आली. आमचे देवही येतात, तो म्हणाला. रामाने शरयूत देह ठेवला. कृष्णाला पावलात पारध्याचा बाण लागला, आणि त्याने कुडी इथेच टाकली. गणपती दरवर्षी येतो, माती पाण्यात सोडून मोकळा होतो. वर जाताना इथली घाण कुणी बरोबर घेऊन जात नाही.

"तोच एक घेवन गेलो," कातरीन म्हणाली. "हंय माणसांची काय गत होता, ता थंय कोणाक कळतला? तेचे हात बघून कळतला. ह्यो पाय घेवन मी दुसऱ्या खंयच्या देवाकडे जांव?"

तिने चिंध्या जरा सारख्या केल्या, आणि लवूला ते दिसलं. नडगीवर वाटीएवढं उघडं मांस. तो खिडकीतून बाहेर थुंकला. मग, आता विचारायला लागलाच होता म्हणून, हे कशाने झालं तेही विचारलं. सोडणं कुजवायच्या पाण्याने, ती म्हणाली. काथ्यासाठी नारळाची सोडणं खाडीच्या खाजणात, भरतीचं पाणी शिरणाऱ्या चिखलात, पुरून सहा सहा महिने कुजवतात, आणि मग बायका त्या काळ्या, सडक्या पाण्यात गुडघाभर उभ्या राहून ती काढतात आणि बडवतात. कातरीनने तीस वर्षं बडवली. खाजण बेंतूबाबांचं.

तेवढ्यात जेवणं आटोपून बेंतूबाब आणि पाद्री आले. कातरीन उठून उभी राहिली आणि म्हणाली की देवाचे घाय बुजलेत, गुरुवारच्या आत उघडायला हवेत. पाद्री गोरामोरा झाला. मूर्ती सकाळी त्यानेही पाहिली होती, पण सगळे इतके खुश होते की तो गप्प बसला होता. तो म्हणाला, शास्त्राप्रमाणे खुणा आहेतच, त्यात वाद नाही. पण त्या दिसल्याच पाहिजेत असं काही नाही, पुढच्या वर्षी बघता येईल. बेंतूबाबांना एवढंही बोलायची गरज वाटली नाही.

"देव सरगात चल्लो आसा," ते म्हणाले, "इस्पितळात नाय." आणि कातरीनकडे न बघता पाद्रीला सांगितलं की ती कापसाची रीतही आता बंद करा, पाहुणे आलेत, रोगाची घरं कशाला. म्हातारीला गुरुवारी मागच्या पायरीवर बसवा. असं म्हणून त्यांनी खिशातला अत्तराचा रुमाल काढला आणि नाकाला लावला.

लवूने ते पाहिलं. त्याच्या स्वतःच्या हातात उपरण्याचा शेव होता आणि तो शेव त्याच्या नाकावर होता. एका खोलीत दोन माणसं नाक धरून उभी, आणि जिचा पाय सडला ती मधोमध, नाक न झाकता. ज्याच्या खाजणात पाय सडला तो एक, आणि देवाची भोकं बुजवणारा दुसरा. आयुष्यभर त्याला दुसऱ्यांची किळस आली होती. स्वतःची कधी आली नव्हती. आता आली, आणि अशी आली की तो कुणाला न सांगता बाहेर पडला आणि दोन मैल चालेपर्यंत त्याने उपरणं खांद्यावर घेतलं नाही, हातात लोंबतं धरून चालला.

घरी आल्यावर त्याने शेवंतीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, तुम्ही बुजवलंत, तुम्ही उघडा. बोलायला सोपं. पण लवूच्या जिवाला दोन घोर लागले होते. एक तर ते त्याच्या जन्माचं काम होतं, आणि स्वतःच्या हाताने त्याचा सत्यानाश करायचा. त्याहून वाईट म्हणजे पूजेतल्या मूर्तीला हत्यार लावायचं, दुरुस्तीला नव्हे, जखम करायला. त्याच्या सात पिढ्यांत कुणी असलं पाप केलं नव्हतं. देवाच्या अंगाला भोक पाडणारा चितारी, असं नाव झालं तर पालखीला त्याचा हात कोण लावून घेणार?

मंगळवारी सकाळी तो आंघोळ करून सातेरी देवीच्या देवळात गेला आणि गुरवाला कौल लावायला सांगितला. गुरवाने पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, काय मागायचं? लवूने सांगितलं: देवाला भोकं पाडायची की नाहीत? गुरव दचकला. कुठल्या देवाला, त्याने विचारलं. किरिस्तांवांच्या. गुरव म्हणाला, त्यांचा देव त्यांनी बघावा, आमच्या बाईच्या तोंडी असलं घालायला माझी जीभ रेटत नाही. लवूला त्याचीही किळस आली. तो स्वतःच पुढे बसला आणि हात जोडून म्हणाला की बाई, चुकीचं मी केलंय, सुधरायचं तर हत्यार लावावं लागेल, पाप असेल तर सांग. उजवी पाकळी पडली, म्हणजे बाईची परवानगी. लगेच पडली. लवू संशयी माणूस. वाऱ्याने पडली असेल, असं त्याला घरी येईपर्यंत वाटत राहिलं. पण त्याने गिरमिटाला धार लावली.

गुरुवारी तो पोचला तेव्हा इगर्जी भरली होती. मुंबईच्या सुना नायलॉनच्या झग्यांत पुढच्या बाकांवर, फोटोवाला तिकाटणं मांडून तयार, आणि मधोमध छताच्या भोकाखाली चौरंगावर पांढऱ्या साटिनातला देव, गोरापान, तुकतुकीत, तळहात पुढे करून उभा. कातरीन मागच्या पायरीवर. लवू चपला काढून सरळ आत गेला आणि पाद्रीपुढे उभा राहिला. गाणं थांबलं.

"पाद्रीबाब, तुमच्या पोथीत तो वर जाताना हातार घाय होते काय नाय? तेवढाच सांगा."

पाद्रीने बेंतूबाबांकडे पाहिलं. फोटोवाल्याकडे पाहिलं. मग मागच्या दाराकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मुलगाच होता तो, पंचविशीतला.

"होते," तो म्हणाला.

"मगे देवाचा मनगट धरा."

लवूने मूर्तीच्या पायांना डोकं लावलं, पुटपुटत माफी मागितली आणि गिरमिट लावलं. बेंतूबाब उठून ओरडले, हा हिंदू आमच्या देवाला भोसकतोय आणि तुम्ही बघत बसलात, पण कुणी पुढे आलं नाही, कारण पाद्रीने खरंच दोन्ही हातांनी मनगट धरलं होतं आणि तो सोडत नव्हता. लाख कडक झाली होती. गिरमिट करकरत आत गेलं. लवूचे दात शिवशिवले. आपल्याच हाताने कोरलेल्या रेषा भुश्यात जाताना त्याला ओकारी आली आणि त्याने ती गिळली. उजवा हात, डावा हात, दोन्ही पावलं. मग पटाशीने कूस. रंग द्यायला वेळ नव्हता. फणसाचा पिवळा भुसा पांढऱ्या साटिनावर सांडला आणि तसाच राहिला. समोरची एक सून तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली. बेंतूबाबांनी जाता जाता लवूला सांगितलं की मुंबईचं काम विसर, आणि ह्या तालुक्यात दुसरं कुठलं मिळतं तेही बघतो. ते गेले, त्यांच्यामागे त्यांची माणसं गेली, आणि माळ्यावर दोर ओढायला ठेवलेले त्यांचे दोन गडीही जिना उतरून गेले.

आता वर एकटा बाबू उरला, घंटा वाजवणारा, साठीचा, दम्याचा. एकट्याने मूर्ती ओढणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. लवूने गिरमिट कमरेला खोचलं आणि जिना चढला.

वर डोकं काढताच त्याला भोवळ आली. हाच तो स्वर्ग. पन्नास-साठ वर्षांत तिथे झाडू फिरला नव्हता. वाघळांच्या लेंड्यांचा घोटाभर थर, मेलेला उंदीर, कौलांखालची कोंडलेली उष्णता, आणि डोळ्यांत पाणी आणणारा खारट, सडका वास. खाली ज्यांना देवाच्या हातावरची जखम बघवत नव्हती, त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या देवाला ह्या उकिरड्यात ओढून घेतलं होतं आणि घरी जाऊन जेवले होते. लवूला नाक धरायचं होतं, पण दोराला दोन्ही हात लागत होते.

खालून गाणं सुरू झालं, थोड्या माणसांचं, ओबडधोबड. बाबू आणि लवू ओढायला लागले. दोर हातात कापत होता. भोकातून आधी देवाचं डोकं आलं, मग चेहरा, लवूच्या चेहऱ्यासमोर वीतभरावर, मग पुढे केलेले हात. खांदे कडेला अडकले. बाबूला खोकल्याची उबळ आली आणि त्याच्या हातातला दोर सुटला. सगळा भार लवूवर आला. त्याने दोर सोडला आणि देवाच्या दोन्ही काखांत हात घालून, बुडणाऱ्याला होडीत ओढावं तसं ओढून घेतलं. दोघे मागे कोसळले, लेंड्यांत. देव त्याच्या मांडीवर आडवा पडला, साटिन घाणीने माखलं, आणि लवू हलला नाही. हललं तर मूर्तीला ओरखडा येईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

खाली गाणं संपलं. बाकांची खुडबूड झाली, पावलं बाहेर गेली. बाबू खोकत जिना उतरला. मग काठी टेकत कुणीतरी आत आलं आणि छताच्या भोकाखाली येऊन थांबलं.

"चितारीबाबा," कातरीनने खालून विचारलं, "देव पोचलो?"

"पोचलो."

"आणि घाय?"

अंधुक उजेडात लवूने मांडीवरचा हात चाचपला. चिकट झाला होता, वास मारत होता. त्याने तळव्यात बोट घातलं. ते पलीकडे निघालं.

"आसत गो माय," तो म्हणाला. "आसत."